दसऱ्याचा झेंडू रथसप्तमीपर्यंत का टिकत नाही? काळी पडणारी तोरणं, गळणारा भुगा आणि ते बारीक किडे

प्रॉब्लेम आधी सांगते, म्हणजे ज्यांचं सेम आहे त्यांनीच पुढं वाचा. दसऱ्याला आणलेला झेंडू वाळवायचा, त्यात ज्वारीची कणसं, शिरीषाच्या शेंगा, वाळकी डाळिंबं असलं काय काय घालायचं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाहीतर कुणाच्या बोरन्हाणाला गमतीजमतीचं डेकोरेशन करायचं, हा माझा गेली चार वर्षं उद्योग चाललाय. नोव्हेंबरात सगळं एक नंबर दिसतं. डिसेंबर संपत आला की तोरणातली मधली मधली फुलं आतून काळी पडायला लागतात, हात लावला की देठ सुटून फूल खाली, संक्रांतीपर्यंत फरशीवर पिवळट भुगा, आणि दोन वर्षं तर त्या भुग्यात बारीक तपकिरी किडे फिरत होते. पहिल्या वर्षी नणंदेच्या बाळाचं बोरन्हाण होतं, पाटावर बाळ, अंगावर हलव्याचे दागिने, वरून बोरं चुरमुरे पडायलेत आणि त्यातच तोरणातलं एक झेंडूचं फूल सुटून बाळाच्या मांडीवर. सगळे हसले, मीपण हसले, पण नंतर उचलून बघितलं तर आतून बुरशी आलेली. बाळानं तोंडात घातलं असतं तर काय, हा विचार करून रात्रभर झोप नाही.

आता चुकीचे उपाय किती केले ते ऐका, कारण तुम्ही पण तेच करत असणार. पहिल्यांदा वाटलं ग्लू गनचा दोष आहे, म्हणून फेविकॉलवर आले. मग वाटलं वरून कोटिंग पाहिजे, म्हणून हेअरस्प्रेची अख्खी बाटली संपवली, त्यानं उलट बुरशी आतल्या आत आणखी छान वाढली. मग कुणीतरी सांगितलं कडुलिंबाचा पाला आणि कापूर ठेव, ठेवला, घराला देवळासारखा वास आला, किडे होते तिथंच. तिसऱ्या वर्षी तर मी फुलवाल्यावरच संशय घेतला की हा शिळा माल देतोय. बिचारा. त्याची काही चूक नव्हती.

खरं कारण सापडलं ते एका लोणच्याच्या बरणीमुळं, आणि तेही चुकून. दसऱ्यानंतर दहाएक दिवस वाळलेली फुलं, हाताला अगदी कुरकुरीत लागत होती, ती मी काचेच्या रिकाम्या बरणीत भरून झाकण लावून गॅलरीत ठेवली आणि विसरले. दुपारी तिथं ऊन येतं. चार वाजता बघते तर बरणीच्या आतल्या बाजूला वाफ धरलेली आणि झाकणाला चक्क थेंब. कुरकुरीत फुलं, आणि झाकणाला पाणी! मग एक फूल घेऊन ब्लेडनं उभं चिरलं. वरच्या पाकळ्या कागदासारख्या वाळलेल्या, पण खालची ती हिरवी वाटी असते ना, ज्यात सगळ्या पाकळ्या रोवलेल्या असतात, ती आतून ओली, नखानं दाबली तर नखाला ओल लागली. म्हणजे आपण पाकळीला हात लावून वाळलं म्हणतो आणि फूल वाळतं देठाकडून सगळ्यात शेवटी. तेवढी ओल पुरते बुरशीला. तोरणात फुलाला फूल चिकटवून बसवलं की मधल्या फुलांना वारा नाही, म्हणून काळी पडतात ती मधलीच. कडेची टिकतात. हे चार वर्षं डोळ्यासमोर होतं आणि मला दिसलं नाही.

यात सोलापूरच्या हवेचा पण भाग आहे. आपल्याला वाटतं सोलापूर म्हणजे रखरखीत, इथं काय वाळायचं राहतंय, आपण तर पापड कुरडया मिरच्या एका उन्हात कडक करतो. पण ते मार्च एप्रिलमध्ये. आपल्याकडं पावसाचा जोर असतो सप्टेंबरात, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात दसऱ्याच्या आसपास हमखास एखाद दुसरा दणका देतो. हवेतली ओल साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आयतं आमंत्रण. म्हणजे ज्या फुलात सगळ्यात जास्त पाणी ते आपण वर्षातल्या सगळ्यात चुकीच्या महिन्यात वाळवतो. तेच फूल डिसेंबरात वाळवलं तर निम्मेच दिवस लागतात, मी करून बघितलंय.

मग यावर्षी मी वजनकाटा काढला. किचनमधला साधा, एक ग्रॅम दाखवणारा. पाव किलो झेंडू मोजून घेतला, दोऱ्यात ओवला, फुलामागं बोटभर जागा सोडून, आणि आतल्या खोलीत पंख्याखाली टांगला. चौथ्या दिवशी ९२ ग्रॅम. आठव्या दिवशी ४७, आणि याच दिवशी हाताला तो पूर्ण वाळल्यासारखा लागत होता, दरवर्षी मी इथंच थांबत होते! बाराव्या दिवशी ३७, चौदाव्या दिवशी ३४, सोळाव्या दिवशी पण ३४. आता थांबलं. म्हणजे आठव्या दिवशी त्या माळेत अजून तेरा ग्रॅम पाणी होतं. तेरा ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीन चमचे पाणी मी दरवर्षी तोरणात गुंडाळून भिंतीला लावत होते, वरून हेअरस्प्रे मारून.

तर उपाय हाच आहे, वजन दोन दिवस लागोपाठ सेम येईपर्यंत हात लावायचा नाही. काटा नसेल तर बरणी टेस्ट करा, चार पाच फुलं काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट बंद करून दोन तास उन्हात ठेवायची, झाकणाला धुकं धरलं की परत टांगायची. देठाची पण एक परीक्षा आहे, वाकवला की काडीसारखा काट करून मोडला पाहिजे, रबरासारखा वाकला तर नाही. पण झेंडूत देठावर पूर्ण विश्वास ठेवू नका, देठ मोडतो आणि वाटी ओली असते असं मला दोनदा दिसलं.

घाई असेल तर शेवटचा टप्पा ओटीजीत, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये होतो. हवेवर आठ दिवस वाळलेली फुलं, ६० डिग्री, दार दोन बोटं उघडं, दीड दोन तास. दार बंद ठेवलं तर वाफ आतच फिरते आणि फुलं शिजल्यासारखी होतात. ताजी फुलं डायरेक्ट ओटीजीत घालू नका, माझी एक बॅच गुळासारखी तपकिरी झाली. सिलिका जेलचे दाणे मिळतात ते गुलाबाला आणि मोठ्या शेवंतीला भारी आहेत, डब्यात फूल पूर्ण बुडवायचं आणि झाकण लावायचं, पाच सहा दिवसात आकार न बिघडता वाळतं. केशरी दाणे ओल धरून हिरवट झाले की ११०-१२० डिग्रीवर दोनेक तास तापवून परत वापरता येतात. निळे असतात त्यात कोबाल्ट असतं, ते लहान मुलं आणि स्वयंपाकाची भांडी यांच्यापासून लांबच ठेवा, मी आणतच नाही. आणि तांदळात पुरून ठेवायचं कुणी सांगत असेल तर तांदूळ वाया घालवू नका.

रंगाचं पण इथंच सांगून टाकते. फुलं गच्चीत मिरच्यांशेजारी पसरायची नाहीत. झेंडूचा पिवळा केशरी रंग उजेडात उडतो, आपल्या उन्हात तर दोन दिवसात पोत्याच्या रंगाचा होतो, आणि वरच्या पाकळ्या झटकन वाळल्यामुळं फसगत जास्त. अंधारी खोली, पंखा, उलटं टांगायचं, बास. सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या, “काय गं हे, खोलीत वटवाघळं टांगल्यासारखं करून ठेवलीस?” आता त्याच येणाऱ्या जाणाऱ्याला खोली उघडून दाखवतात.

टांगताना जुडी सुतानं बांधू नका. आपल्याकडं यंत्रमागाचं उरलेलं सूत घरोघरी फुकट पडलेलं असतं म्हणून हात तिकडंच जातो, पण देठ वाळले की बारीक होतात, सूत सैल पडतं आणि सकाळी सगळी जुडी खाली. रबरबँड लावा, देठ आकसतील तसा तो पण आकसतो. सूत नंतर फायनल बांधणीला वापरा, तेव्हा ते चांगलंच दिसतं.

आता किडे. हे मला वाटायचं धान्यातले सोंडकिडे, कणसातून आले असणार. आमच्या मागच्या गल्लीत एक अक्का आहेत, सोलापूरच्या पूर्व भागातून, म्हणजे तेलुगू लोकांच्या वस्तीतून इकडं राहायला आलेल्या, निम्मं आयुष्य बिड्या वळण्यात गेलेलं. त्यांना भुगा दाखवला. चष्मा पण न लावता म्हणाल्या, “हा तर तंबाखूतला किडा, पोरी. तुझ्या फुलाला कशाला आलाय?” मग वाचून बघितलं तर अक्का शंभर टक्के बरोबर. याला सिगरेट बीटलच म्हणतात, दोन तीन मिलिमीटरचा, तपकिरी, पाठीला कुबड आल्यासारखा, आणि हा तंबाखू, मिरची पावडर, हळद, मसाले, वाळकी फुलं, काय मिळेल त्यात पडतो. फुलं खाते ती त्याची पांढरी केसाळ अळी, मोठा किडा फक्त बाहेर येताना टाचणीएवढं भोक पाडून येतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा खायचं काम उरकलेलं असतं. माझ्या घरात तो आला कुठून तर मी फुलांचे डबे मसाल्याच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवत होते, जागा कोरडी म्हणून! तुमच्याकडं पण किडे असतील तर आधी मिरची पावडरीचे जुने डबे उघडून बघा.

यावर कापूर बिपूर नाही, फ्रीजर. पूर्ण वाळलेली फुलं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद करायची आणि आठ दिवस डीप फ्रीजरमध्ये. काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, रात्रभर तशीच बाहेर ठेवायची, नाहीतर थंड फुलांवर बाहेरची ओल जमते आणि पहिल्यापासून ये रे माझ्या मागल्या. ओली फुलं फ्रीजरमध्ये घालू नका, काळी पडतात. कणसांना, शेंगांना, सगळ्याला मी आता हाच संस्कार करते आणि मगच मेन खोलीत आणते.

कणसांवरून आठवलं, दाण्याचं कणीस वापरायचा मोह होतो कारण मालदांडी ज्वारीचं टपोरं कणीस दिसतंच तसलं. पण दाणा म्हणजे किड्याला जेवण आणि उंदराला पण. मामांकडून मी मळून दाणे काढलेली रिकामी कणसं आणते, मोहोळच्या शेतातून पोतं भरून येतं, झाडूसारखी दिसतात पण त्यांना हलकी फेविकॉल पाण्यात कालवून लावली की छान उभी राहतात. दाण्याचं पाहिजेच असेल तर एखादं, फ्रीजरमधून काढलेलं. धाटाचं पण तसंच, डिसेंबरात शेतात हुरड्याला गेलं की हिरवं धाट तोडून आणायची हौस येते, आणू नका, एक तर ते वाळताना सुरकुततं आणि फ्रेम ढिली पडते, दुसरं म्हणजे त्यात गोडवा असतो, मुंग्यांची रांग लागते. गेल्या सालच्या कडब्यातलं धाट घ्या. त्याची वरची साल सोलायची पट्ट्या करायला आणि आतलं पांढरं भेंड तुकडे जोडायला, लहानपणी चष्मे नि बैलगाड्या करायचो तीच पद्धत, खिळा नको गोंद नको. मी यावर्षी त्याचेच वीतभर उंचीचे सात नंदीध्वज केले, सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या, वरती बाशिंगाच्या जागी कुरडूचा तुरा. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या त्या यात्रेच्या दिवसात टेबलावर ओळीनं उभे केले तर पोरं हलेनात तिथून.

कुरडू! याबद्दल लिहायचंच होतं. पावसाळा संपता संपता रानात बांधावर पांढरट गुलाबी तुरे येतात ते कुरडू, शेतकरी तण म्हणून उपटून टाकतात. अक्कांकडं नवरात्रात बतुकम्मा, म्हणजे फुलांचे थर रचून केलेली देवी मांडतात त्यात हेच फूल, त्यांच्या तेलुगूत गुनुगु, थरावर थर रचायला. ते तुरे रंगाच्या पाण्यात बुडवून लाल निळे करतात, मला ते बघूनच कळलं की हे फूल रंग धरतं. आणि मुळातच कोरडं, हातात धरलं तर ताजं असतानाच कागदासारखं लागतं. माझ्या काट्यावर आठवड्याच्या आत वजन थांबलं. एकच भानगड, आतल्या काळ्या बारीक बिया गळतात आणि लोकांना ते किडे वाटतात. टांगल्यावर खाली कागद ठेवा आणि वापरायच्या आधी तुरा उलटा करून टपली मारा. ते जांभळं बटणासारखं गोमफ्रेना असतं ना, ते पण याच जातकुळीचं, रंग महिनोन्महिने राहतो.

आणि डिसेंबर जानेवारीत आपल्या शिवारात जे सोनं उभं असतं ते म्हणजे करडई. ज्वारीच्या कडेनं जनावर आत शिरू नये म्हणून लावतात ती काटेरी. केशरी फूल वाळता वाळता लालसर होतं, खालचं काटेरी बोंड आकार अजिबात सोडत नाही, आणि कोरड्या महिन्यात फुलते म्हणून ओलीचं टेन्शनच नाही, पाच सहा दिवसात खडखडीत. फूल नुकतं उमललेलं असताना, बोंड हिरवं असतानाच कापायचं, पूर्ण पिकलेलं घेतलं तर पाकळ्या झडतात. हातमोजे जाड पाहिजेत, मी साध्या रबरी मोज्यांवर गेले आणि संध्याकाळी चिमटा घेऊन काटे काढत बसले. दोन बोंडं आडवी जोडली, मिरीचे डोळे लावले की फर्स्टक्लास साळिंदर होतं. सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे, कशाला कोण जाणे.

डाळिंबाचं मात्र सावध. सोलापूर डाळिंबाचं, म्हणून मी मोठी तडकलेली फळं आणून वाळवायला ठेवली, दोन आतून सडली आणि चिलटं झाली. लिंबाएवढी बारकी, विरळणीत काढून टाकतात ती घ्या, खाली तळाला सुईनं चार पाच भोकं पाडा आणि हवेशीर जाळीवर ठेवा, दीड दोन महिने लागतात. कानाशी धरून हलवायचं, खुळखुळ वाजलं की झालं. तेल्या, म्हणजे डाळिंबाचा पसरणारा रोग, पडलेल्या बागेतली फळं फुकट मिळतात, पण ती घेऊन दुसऱ्या बागवाल्या पाहुण्याकडं जाऊ नका, उगीच शिव्या खाल.

लावायचं कुठं? पश्चिमेच्या दारावर नाही, उन्हानं रंग जातो आणि तापलेल्या लोखंडी दारावर ग्लू गनचा गोंद मऊ पडून सुटतो. स्वयंपाकघरात नाही, वाफ असते. बाहेर गच्चीत रात्रभर नाही, पहाटेचं दव बसतं. आणि देव्हाऱ्यावर, समईजवळ अजिबातच नाही, वाळकी फुलं, कडबा आणि वरून हेअरस्प्रे म्हणजे काडी लावायचीच बाकी. एलईडीची माळ लावा हवी तर.

ज्यांचं तोरण आत्ताच बिघडलंय त्यांच्यासाठी, काळी ठिपकेवाली बुरशी दिसली तर ते फूल पुसून परत वापरायचं नाही, नाकाला फडकं बांधून काढून टाका, शेजारची दोन दोन पण टाका. नुसती मऊ पडली असतील, वास येत नसेल, तर तोरण सोडवून ओटीजीचा दीड तास द्या आणि बरणी टेस्ट करा. किडे असतील तर फ्रीजर. नुसता पाकळ्यांचा भुगा असेल, भोकं नसतील, तर ते जास्त वाळल्यामुळं, तिथं मात्र हेअरस्प्रेचा एक हलका हात चालतो, वाळल्यानंतर, आधी नाही.

आणि संक्रांत दहा दिवसांवर आली आणि तुमचा झेंडू अजून बरणीला धुकं धरतोय, तर त्याला सोडून द्या. करडई आणा, रिकामी कणसं आणा, कुणाकडं कुरडू असेल तर मागून घ्या, तेवढ्यात तोरण उभं राहतं. माझी पण एक माळ अजून ३९ ग्रॅमवर अडकलीय, मागच्या खोलीत पंख्याखाली आहे, ती काही यंदाच्या हळदीकुंकवाला येत नाही.